आषाढातली चारशे पावलं

मे महिन्याच्या शेवटी, एका मंगळवारी सकाळी पावणेअकराला गावाहून शेवंतीकाकींचा फोन आला, तेव्हा मी गोदामात खोकल्याच्या औषधाची खोकी मोजत होते. शेवंतीकाकी म्हणजे कणकवलीकडच्या आमच्या गावातल्या शेजारीण. त्या कधी दिवसा फोन करत नाहीत. "आप्पा गेले गो," एवढंच म्हणाल्या. आप्पा माझे सासरे, वय सत्याहत्तर. सकाळी चहा घेऊन खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात आले, खांबाला टेकून बसले आणि तसेच गेले. मी मोजलेला आकडा खोक्यावर लिहिला आणि मग खाली बसले. आधी आकडा का लिहिला, मला सांगता येणार नाही. आठ दिवसांनी मी आणि प्रदीप, माझा नवरा, त्यांना पावसाळ्यापुरतं मुंबईला आणायला जाणार होतो. तिकिटं काढलेली होती.

सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून आप्पा गावी एकटे राहत. घराखाली बारा गुंठ्यांचा भाताचा तुकडा, चार काजूची झाडं, एक विहीर. आम्ही घोडपदेवला, चाळीत तिसऱ्या मजल्यावर. म्हातारा माणूस एकटा, तो दिवसभर काय करतो, चालतो-फिरतो की नाही, याची काळजी मला होती आणि काळजी वाटली की मी मोजायला लागते, हा माझा स्वभाव. तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी त्यांना पावलं मोजणारा मनगटी पट्टा नेऊन दिला. रोज रात्री आठ वाजता मी फोन करायचा, त्यांनी पट्ट्यावरचा आकडा वाचायचा, मी वहीत लिहायचा, असं ठरलं. आप्पांनी ते एकदाही चुकवलं नाही. सातवी शिकलेला माणूस, एकेक अंक सुटा करून वाचत. थंडीत सात हजार, आठ हजार. लाकडं आणायला, गुरांमागे, देवळात. चैत्र-वैशाखात दुपारी बाहेर पडता येत नाही, तरी पाच हजारांच्या खाली कधी आले नाहीत. आणि मग आषाढात एकदम चारशे. दुसऱ्या दिवशी तीनशे साठ. सलग अठरा दिवस पाचशेच्या वर आकडा गेला नाही.

मी घाबरले. आमच्या ओळखीच्या डॉक्टरांना वही दाखवली. ते म्हणाले, पावसात म्हातारी माणसं घरात बसून राहतात, निसरड्याला भितात, आणि या वयात दोन-तीन महिने बसून काढले तर पायांतली गेलेली ताकद सहसा परत येत नाही. मला ते पटलं, कारण माझ्या वहीशी जुळत होतं. मी प्रदीपला म्हटलं, पुढच्या पावसाळ्यात आप्पांना इथे आणायचं. गॅलरीवर छप्पर आहे, पाय घसरायची भीती नाही, माझ्या डोळ्यांसमोर चालतील. प्रदीप म्हणाला, "त्यांना विचारलंस का?" मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, आकडे समोर आहेत.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आप्पा आले. आमच्या गॅलरीची लांबी त्यांच्या पावलांनी चोपन्न. सकाळी पंचवीस फेऱ्या, संध्याकाळी पंचवीस, शिवाय भायखळ्याच्या भाजीबाजारापर्यंत माझ्याबरोबर एक चक्कर. दारात बसलेल्या बायका विचारायच्या, "आप्पा, किती झाल्या?" आप्पा चालता चालताच सांगायचे, "माका काय ठावक, सुनेक विचारा. वही तिच्याकडे असा." सगळ्या हसायच्या, मीही हसायचे. एका रविवारी, उघडीप होती म्हणून आम्ही त्यांना शिवाजी पार्कला नेलं. कट्ट्यावर बसून ते बराच वेळ त्या मैदानाभोवती झपझप चालणाऱ्या त्यांच्याच वयाच्या माणसांकडे बघत राहिले. मग मला म्हणाले, "गो, ही माणसां खय चल्ली?"

"कुठे नाही आप्पा. चालायला आलीत."

"आणि मगे?"

"मग घरी जातील."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की कसली, मला अजून कळलेलं नाही.

मुंबईत पट्टा रोज सहा हजार दाखवत होता. वहीत मी प्रत्येक आकड्यापुढे बरोबरची खूण करत होते. जुलैच्या मध्यावर एकदा, मी डबा भरत असताना, आप्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. सहसा ते तिथे येत नसत. "माका धा दिवस सोड," म्हणाले. "लावणी झाली की परत येतंय. खोटा सांगणय नाय." मला कामाला उशीर होत होता. मी म्हटलं, आप्पा, मागच्या पावसाळ्यात तुम्ही दिवसाला चारशे पावलं चालत होता, मी लिहून ठेवलंय. इथे बघा कसे छान चालताय. आता गणपतीलाच जाऊ सगळे. आप्पांनी मनगटाकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुझ्या घड्याळाक काय ठावक," म्हणाले आणि हसले. मला वाटलं, थट्टा करतायत... मी डब्याचं झाकण लावलं आणि निघाले. त्या वर्षी त्यांचा तुकडा पडीक राहिला.

गणपतीला गावी गेलो, तेव्हा घराखालच्या दगडी पायऱ्या उतरताना आप्पा तिसऱ्या पायरीवर थांबले. अकरा पायऱ्या आहेत. वर्षानुवर्षं डोक्यावर भारा घेऊन ते त्या चढत-उतरत आले होते. आता गुडघा वाकेना. पाटावर बसले की उठताना प्रदीपचा हात लागू लागला. मला समजेना. सहा हजार पावलं रोज चाललेला माणूस उकिडवा बसू शकत नाही, हे कसं? आप्पा गावीच राहिले. थंडीत आकडे तीन हजारांवर आले, होळीनंतर दोनवर. मी मनाशी म्हटलं, वय झालं. आणि यंदा परत त्यांना आणायचं ठरवलं.

खरी गोष्ट मला त्यांच्या बाराव्याला कळली. दुपारी पंगती उठल्यावर मागच्या पडवीत मी, प्रदीप आणि शेवंतीकाकी बसलो होतो. मी बोलता बोलता म्हणाले, आप्पांना पावसाळा सोसायचा नाही, चारशे पावलंसुद्धा चालवायची नाहीत.  तेव्हा काकींनी सांगितलं. नांगरणी-लावणीच्या दिवसांत आप्पा उजाडता शेतात उतरत ते अंधार पडेपर्यंत. आधी बांध घालायचे, चिखल करायचा, मग रोपं उपटायची, जुड्या बांधायच्या, वाहून न्यायच्या, गुडघाभर चिखलात वाकून लावायच्या. वर्षातलं सगळ्यात जास्त काम त्या दिवसांत. पट्टा मात्र दारामागच्या खुंटीला. काकींनी विचारलं होतं, तर म्हणाले, सुनेने महागाची वस्तू दिली आहे, चिखलात घालून खराब कशाला करू? संध्याकाळी आंघोळ करून तो हातात चढवायचा, देवळात जाऊन यायचं आणि आठ वाजता मला आकडा सांगायचा. चारशे पावलं म्हणजे घर ते देऊळ आणि परत. मी आकडा विचारला, त्यांनी तो खरा सांगितला. आज काय केलंत, हे मी एकाही रात्री विचारलं नाही.

गोदामात एखाद्या औषधाचा साठा अचानक शून्य दिसला तर मी वहीवर विश्वास ठेवत नाही, उठून मांडणीपर्यंत जाते आणि डोळ्यांनी बघते. हे मी नवीन मुलींना पहिल्या दिवशी शिकवते. घरच्या माणसाच्या बाबतीत मी उठले नाही. जो ऋतू त्यांच्या पायांना, पाठीला, हातांना पुढच्या वर्षभराची ताकद देऊन जायचा, नेमका तोच मी काढून घेतला आणि त्या बदल्यात सपाट लादीवरच्या फेऱ्या दिल्या. प्रदीपने काकींचं सगळं ऐकलं. तो काही बोलला नाही. परतीच्या प्रवासात नाही, घरी आल्यावर नाही. भाजी काय आणू, दूध आलं का, एवढंच. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याने एकदा विचारलं होतं, त्यांना विचारलंस का म्हणून, आणि मी दिलेलं उत्तर आम्हा दोघांच्याही लक्षात आहे.

गेल्या रविवारी शेवंतीकाकींचा पुन्हा फोन आला. प्रदीपने तो टेबलावर ठेवला, दोघांना ऐकू येईल असा. "तरवो वर इलो हा," काकी म्हणाल्या. "त्येचा काय करूचा?" तरवा म्हणजे भाताची रोपं. पावसाआधी एका कोपऱ्यात दाट पेरून ठेवतात, वीतभर झाली की उपटून सगळ्या शेतात लावतात. आम्हाला कळेना, पेरलं कुणी? काकींना वाटत होतं की आम्हाला माहीत आहे. जाण्याच्या तीन दिवस आधी आप्पांनी पेरलं होतं. बसत बसत त्या अकरा पायऱ्या उतरले, दोन सकाळी कुदळीने कोपरा खणला आणि तिसऱ्या सकाळी बी टाकलं. आम्ही त्यांना न्यायला येणार, हे ठाऊक असताना.

म्हणजे त्यांना यायचं नव्हतं. हे त्यांनी फोनवर सांगितलं नाही, कारण मी फक्त आकडा विचारत होते. गावचे डॉक्टर म्हणाले होते, हृदय थांबलं, वय होतं. असेलही. पण वर्षभर बसवून ठेवलेल्या शरीराने दोन दिवस उन्हात कुदळ मारली, म्हणून ते थांबलं का? की मागच्या वर्षी मी अडवलं नसतं तर ते त्याच वेळी चिखलात पडले असते? मी हे उलटसुलट मांडून बघते. उत्तर निघत नाही, आणि निघेल असं मला आता वाटतही नाही.

प्रदीपने काकींना विचारलं, रोपं किती दिवस थांबतील. दहा-बारा दिवस, मग ती राठ होतात. लावायला किती दिवस लागतील? काकी म्हणाल्या, आप्पा एकट्याने आठ दिवसांत करायचे. "आम्ही दोघं आलो तर?"

काकी पहिल्यांदाच हसल्या. "तुम्ही दोघां? मगे दिवाळी हयसरच करा."

फोन ठेवून प्रदीपने कपाटातून कोरे कागद काढले आणि टेबलाशी बसून रजेचा अर्ज लिहायला घेतला. पंधरा दिवसांचा. सही केली, तारीख घातली, कागदाची घडी घातली. मी समोर उभी होते. त्याने दुसरा कोरा कागद माझ्या बाजूला सरकवला, त्यावर पेन ठेवलं आणि बाराव्यानंतर पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून विचारलं, "तू किती दिवस येतेस?"