जाईनं आटवलेलं टँकरचं पाणी

दोन हजार तेराच्या दुष्काळात वडवणीकडच्या गावात आंघोळीलाबी वार ठरलेला व्हता. त्याच साली आमच्या पाठची बहीण जाई बारावी सायन्सला. अख्ख्या गावात सायन्स घेतलेली ती एकटीच. हे समद्यांना ठाव हाय, पण पुन्हा सांगायला काय जातंय.

बाप आश्रुबानं तिला बजावलं व्हतं, की केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलात नापास झालीस तर कॉलेज बंद अन् आलेलं स्थळ पक्कं. बाप शब्द फिरवत न्हाई, हे जाईला पक्कं ठाव व्हतं.

परीक्षेच्या टायमाला कॉलेजात थेंबभर पाणी न्हाई. ज्यानं त्यानं घरून आणावं, अशी नोटीस लागली. जाईनं टँकरचं पाणी फडक्यातून गाळलं अन् पाच लिटरचा कॅन घेऊन एस.टी.त बसली. टँकर सहकारी साखर कारखान्याचा. ऊसच न्हाई म्हणून कारखाना बंद, मग टँकर गावाला पाणी वाटायला लावला. पाणी जरासं पिवळं यायचं. तळ्याच्या बुडाचं असंल, म्हणून कुणी बोललं न्हाई. उलट आई खूश, चहाला साखर निम्मीच लागायची. आपला हात काटकसरीचा झालाय, असं ती गल्लीभर सांगत फिरायची.

परीक्षेत जाईला पांढरी पूड आली. त्यात काय काय हाय ते ओळखायचं. तिनं पूड पाण्यात विरघळवली, एकेक करून तपासली अन् मॅग्नेशियम सल्फेट बराबर हुडकलं. मग उरलेलं द्रावण आटवलं. बुडाला पांढरा क्षार ऱ्हायला पायजे व्हता. ऱ्हायला तपकिरी चिकटा, अन् वास काकवीचा.

शेजारच्या पोरीनं हळूच सांगितलं, की ते काकवीचं काही लिहू नको, मार्क जातील. जाईच्या डोळ्यापुढं ते स्थळ आलं, त्याच्या मिशांसकट. तरीबी तिनं जे दिसलं तेच लिहिलं. मॅग्नेशियम सल्फेट, अन् साखर.

बाहेरून आलेले परीक्षक सुंदरराव यांनी पेपर बघून चष्मा काढला.

"साखर कुठून आणलीस? मी पुडीत दिलेली नाही."

"पुडीत न्हाई सर. पाण्यात असंल. नुसतं पाणी आटवून दाखवू का?"

सर म्हणाले, दाखव. जाईनं बशीत निव्वळ पाणी आटवलं. तोच चिकटा, तोच वास. हे पाणी कुठलं, असं सरांनी विचारलं. जाई टँकरचं सांगाय लागली अन् सांगता सांगताच तिच्या डोक्यात उजेड पडला. त्या टँकरातून कारखाना मळी, म्हंजी साखर काढून उरलेला काळा गोड चिकटा, वाहायचा. टाकी धुतली का, असं तिनं एकदा डायवरला विचारलं बी व्हतं. तो म्हणाला व्हता, दुष्काळात धुण्यात पाणी कावून नासायचं.

सरांनी बन्सी शिपायाला बोलावून विचारलं, सकाळपासून मला चहा कुठल्या पाण्याचा देतोयस.

"ह्याच पोरीच्या कॅनातला, सर. तुमाला शुगर हाय म्हणालात, म्हणून साखरेचा कणबी टाकला न्हाई. तरी तुमी तीनदा मागून घेतला."

जाईनं खाली मान घालून बशी पुसली. सरांनी खिशातली गोळी काढून कोरडीच गिळली अन् मार्क मांडले. तीसपैकी एकोणतीस.

बापानं त्याच सांजंला पाहुण्यांना फोन लावून सांगितलं, पोरगी आणखी शिकणार हाय, तुमी दुसरीकडं बघा. एवढं झालं बेस झालं. पण तो एक मार्क कावून कापला, याचा जबाब त्या सुंदररावांकडून अजून यायचा हाय.