सागवानी पाटावरचा रेडिओ

घरी रेडिओ नसताना रेडिओवर इतकं प्रेम करणारा माणूस आमच्या मावसाजींखेरीज अख्ख्या चांदा जिल्ह्यात झाला नाही. आणि चांदा जिल्हा तेव्हा काही लहान नव्हता. आजचं गडचिरोलीसुद्धा त्याच्याच पोटात होतं. मावसाजी म्हणजे माझ्या सख्ख्या मावशीचे यजमान. आलापल्लीच्या लाकूड डेपोत सागाच्या ओंडक्यांची मापं घेणं ही त्यांची नोकरी. माझा मॅट्रिकचा निकाल लागला आणि घरच्यांना माझ्या तब्येतीची एकदम काळजी वाटू लागली, म्हणून मला हवापालटासाठी त्यांच्याकडे धाडलं. हवा पालटली. गणित होतं तिथंच राहिलं.

गावात रेडिओ एकच, रेंजरसाहेबांच्या बंगल्यात. दर बुधवारी संध्याकाळी त्यावर प्रश्नोत्तरांच्या खेळाचा कार्यक्रम लागे आणि मावसाजी कुंपणाबाहेरच्या मोहाच्या झाडाखाली कानामागे हात धरून उभे राहत. बोट थुंकीनं ओलं करून आधी वारा पाहायचे. वारा उलटा असला तर त्याच्याशी भांडायचे. "रोज इकडून येते, आज काऊन तिकडून येऊन राह्यला बे?" कार्यक्रमात एक जण प्रश्न विचारी, उत्तर बरोबर आलं की टण्ण करून घंटा वाजे, गडी एक पायरी वर चढे, लोक टाळ्या पिटत. मधूनच केसांच्या तेलाची नाहीतर दंतमंजनाची जाहिरात. सगळं कसं रंगात येई, आणि नेमके तेव्हाच बंगल्यात दिवे लागत. दिव्यावर किडे येतात म्हणून रेंजरीणबाई धाडकन खिडकी लावून घेत. दर बुधवारी. त्यामुळे या खेळात शेवटी जिंकतो कोण आणि कसा, हे मावसाजींनी कधी ऐकलंच नव्हतं.

दुसरा एखादा हळहळला असता. मावसाजींनी तो कार्यक्रमच घरी बनवला. सागाची रुंद फळी आणली, तिला चार बुटके पाय लावले, गेरू-चुन्यानं वर घरं आखली आणि खालून बैलाच्या गळ्यातली घंटी टांगली. सोंगट्या म्हणून चिंचोके, दान टाकायला कवड्या. एक घर 'टाळ्यां'चं. तिथं सगळ्यांनी टाळ्या पिटायच्या, चूल सोडून मावशीनंसुद्धा. एक 'जाहिराती'चं, तिथं गड्यानं उभं राहून कशाची तरी तारीफ करायची. एक 'खरखरी'चं, तिथं पुढचं दान पडेपर्यंत तोंडानं रेडिओची खरखर काढायची. हे घर माझ्या वाट्याला इतकं यायचं, की मी गावात खरखऱ्या म्हणूनच ओळखला जाऊ लागलो. आणि सगळ्यात वाईट घर 'खिडकी बंद'. तिथं चिंचोका पडला की खेळ जागच्या जागी थांबायचा, तो दुसऱ्या संध्याकाळपर्यंत.

प्रश्न मावसाजींचे स्वतःचे असत. "दिल्लीत काय हाये हे काय विचाराचं? ते कुठी पळून चाललं?" असं म्हणून ते विचारत, "आपली गाय या घडीले कुठी असन?" मी म्हणायचो तळ्यावर, त्यांची मुलगी कुसुम म्हणायची डेपोमागं. मग खरं कोणाचं ते पाहायला सगळे गडी तळ्यापर्यंत जाऊन येत. गाय परसात निघे.

या खेळाला शेवट नव्हता. मी एकदा विचारलं, "मावसाजी, जिंकायचं कसं?"

"ते ऐकू नाई आलं न बाप्पा."

"मग तुमच्या मनानं ठरवा."

ते माझ्याकडे असे पाहू लागले, जणू मी त्यांना ओंडक्याचं माप खोटं लिहायला सांगतोय. "जे ऐकलं नाई ते मनानं कसं सांगू? लबाडी होईन ना!"

हे सगळं गमतीचं होतं. फक्त मावशीला नव्हतं. त्यांची कुसुम लग्नाची होती आणि दोन ठिकाणांहून नकार आले होते. दुसऱ्या वेळी मावसाजींनी मुलाच्या आईला खेळायला बसवलं, तिचा चिंचोका नेमका खरखरीत पडला, आणि त्या बाईंना जाहीर खरखर करावी लागली. "पोट्टी सोन्यासारकी हाये," त्यांनी निरोप पाठवला, "पण बापाच्या डोस्क्याचं काई खरं नाई." तो निरोप कुसुमनं दाराआडून ऐकला. त्या दिवसापासून ती पाटाशी बसली नाही. संध्याकाळी मावसाजी कवड्या खुळखुळवून तिची वाट पाहत, आणि ती आत तांदूळ निवडत बसे. निवडलेलेच पुन्हा.

म्हणून बल्लारपूरचं स्थळ यायचं ठरलं तेव्हा मावशीनं नवऱ्याला सरळ दम भरला. "अजी, ऐकून राह्यले का? तो पाट जर पावन्यायनं पाह्यला, तर मी माहेरी चालली."

"नाई काढत ना. देवाशप्पत."

मुलगा बल्लारपुरात कागदाच्या कारखान्यात नोकरीला. तो आणि त्याचे वडील सकाळच्या मोटारीनं आले, दुपारच्या मोटारीनं परत जाणार. वडील धिप्पाड, मिशा झुबकेदार, बोलणं तोलूनमापून. त्यांना मानानं पाटावर बसवायचं, तर घरात धड पाट एकच. मावशीनं डोकं चालवलं. खेळाच्याच पाटावर घोंगडीची घडी घातली आणि पाहुण्यांना त्यावर बसवलं. पाहुण्याच्या बुडाखालची वस्तू पाहुण्याला दिसणार कशी? हिशेब चोख होता. घंटी तेवढी ती विसरली.

पाहुणे पोहे खाता खाता म्हणाले, "आमची धानाची शेती हाये, पाच एकर," आणि मांडी बदलली.

टण्ण.

"बरोबर!" मावसाजींच्या तोंडून गेलं.

पाहुणे चपापले. "पोट्टा बिडीले हात नाई लावत," म्हणाले आणि जरा सावरून बसले.

टण्ण.

"बरोबर!"

मावशीनं स्वयंपाकघरात कपाळाला हात लावला. पाहुण्यांनी बशी खाली ठेवली, उठले, घोंगडी उचलली आणि पाट उलटासुलटा करून पाहू लागले. मी छताकडे पाहायला लागलो. छतात पाहण्यासारखं काही नव्हतं.

"हे काय होय, भाऊ?"

मावसाजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. शप्पत घेतलेली. तेवढ्यात आतून कुसुम आली, पदर खोचून, बोलावल्याशिवाय.

"बाबानं बनवला," ती म्हणाली. "रेडिओचा खेळ हाये. मले बी येते." आणि पाहुण्यांसमोर खाली बसून तिनं कवड्या हातात घेतल्या. खुळखुळवल्या आणि टाकल्या.

पाहुण्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग एक चिंचोका उचलला. त्यांचा पहिलाच डाव जाहिरातीत.

"काय विकू मी?" ते गोंधळले.

मावसाजींना आता राहवेना. "पोट्टा आनला ना संगं? तोच विका!"

पाहुणे उभे राहिले. मुलाकडे पाहिलं, खाकरले. "माल चांगला हाये," ते म्हणाले. "जेवते लय. पाहाटी उठत नाई. पन मायले उलट बोलत नाई कधी." मुलगा पोह्यांत तोंड खुपसून बसला. कुसुमनं टाळ्या वाजवल्या. खरं तर जाहिरातीला टाळ्यांचा नियम नव्हता.

दुपारची मोटार भोंगा देऊन निघून गेली, तिच्याकडे कोणी पाहिलं नाही. गाय कुठं आहे ते पाहायला पाहुणे स्वतः तळ्यापर्यंत जाऊन आले. खेळाला शेवट का नाही ते मावसाजींनी सांगितलं, तेव्हा दिवेलागणीला ते म्हणाले, "शेवट सांगत नाई मी तुमाले. आमच्या घरी रेडिओ हाये. लगन होऊ द्या, मंग या अन् ऐका."

लग्न झालं. पहिल्या सणाला कुसुमला आणायला मावसाजी बल्लारपूरला निघाले तेव्हा मला सोबत घेतलं. मुद्दाम बुधवार धरला होता. व्याह्यांनी रेडिओसमोर गादी घातली, आवाज मोठा केला, आणि दिवे लागले तरी कोणी खिडकी लावली नाही. मला मात्र त्याच वेळी व्याह्यांनी कोपऱ्यावर पान आणायला पिटाळलं. परतलो तोवर कार्यक्रम संपला होता. मावसाजी तसेच बसलेले, तोंड रेडिओकडं नव्हतं, आतल्या दाराकडं होतं.

"कोण जिंकलं?" मी विचारलं.

"आँ?" ते म्हणाले. "माहीत नाई बाप्पा. आतमंदी कुसुम सासूले भाजीत मीठ जास्त झालं म्हनून सांगून राह्यली होती. आवाज चढवून! अन् सासू म्हने, बरं बाई, तू कर उद्या." त्यांनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. "ते ऐकता ऐकता तिकडचं राहूनच गेलं."