सुहास विसरभोळा नव्हता

सुहास गेल्याचं कळलं तेव्हा मला रडू नाही आलं. पल्लवी त्याच्यासाठी एवढी का रडतेय, याचा राग आला.

असा आहे मी. आज पंधरा दिवस झाले. आता तरी खरं लिहितो.

ओळखत नाहीत त्यांच्यासाठी: सुहास खेडचा. एकतीस वर्षांचा. राहायचा इथे ओमानमध्ये, बुरैमीला, आमच्याच बिल्डिंगमध्ये. नोकरी बॉर्डरपलीकडे, यूएईतल्या अल ऐनला. ड्राफ्ट्समन. रोज सकाळी सहाला देश सोडायचा, संध्याकाळी जेवायला परत.

गाडीत तिघं. तो, शेजारी पल्लवी, आणि मागे केरळचे एक अंकल, जे दार लावताक्षणी झोपायचे.

म्हणजे गाडीत दोघंच.

पल्लवी आमच्या वर दुसऱ्या मजल्यावर राहते, आईबाबांबरोबर. तिकडे दातांच्या क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे. मी खालच्या गॅरेजात मामाच्या हाताखाली गाड्यांचे एसी दुरुस्त करतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला सरांच्या टेबलावर जर्नल आपटून निघून आलेला माणूस. तिकडचा व्हिसा मला कोण देणार?

अल ऐनच्या इमारती आमच्या गच्चीवरून दिसतात. पण ती तिथे दिवसभर काय करते, कशावर हसते, हे फक्त सुहासला माहीत.

माझी सुट्टी शुक्रवारी. तिची शनिवार-रविवार. आठवड्यातला एकही दिवस जुळत नव्हता.

त्याचे सगळे जुळायचे.

आणि ती त्याला नुसतं "सुहास" म्हणायची. आठ वर्षांनी मोठा तो! मी एका वर्षाने मोठा, तर मला "अक्षयदादा". राखी तेवढी बांधायची राहिली होती.

एकदा न राहवून त्याला विचारलं, "काय बोलता रे एवढं गाडीत?"

"काही नाही रे. ती तिच्या डॉक्टरला शिव्या घालते, मी माझ्या मॅनेजरला. अंकल घोरतात."

मला तेही सहन झालं नाही. माझ्यासमोर तिनं आजवर कुणाला एक शिवी घातलेली नाही.

आता मुद्द्याचं.

त्या गाडीची एक पद्धत होती. तिघांची तिकडची रेसिडेन्सी कार्डं एका पाऊचमध्ये, आणि पाऊच कायम गाडीतच. सकाळच्या घाईत कुणी घरी विसरायला नको म्हणून. बॉर्डरच्या चौकीवर सुहास तिन्ही कार्डं एकदम खिडकीतून द्यायचा.

गेल्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी त्यानं गाडी एसीत गॅस भरायला माझ्याकडे ठेवली. पल्लवी वरून ओरडली, "सुहास, उद्या गार होईल ना? आज उकडून मेले मी!"

गार मी करणार होतो. विचारलं त्याला.

मी गॅस भरला. आणि पाऊचमधून सुहासचं कार्ड काढून माझ्या टूलबॉक्समध्ये टाकलं.

वाटलं, चौकीवर अडकेल. तिच्यासमोर हसं होईल. ती दुसऱ्या गाडीनं जायला लागेल.

एवढी साधी गोष्ट डोक्यात आली नाही की गाडी एकच आहे. त्याला परत फिरवलं म्हणजे तीही परत फिरणार.

सकाळी मी मुद्दाम लवकर गॅरेज उघडून बसलो होतो. रांगेत तासभर घालवून तिघं परत आले. पल्लवी तेव्हा प्रोबेशनवर. उशिराची एक वॉर्निंग आधीच मिळालेली. त्या दिवशी दुसरी मिळाली आणि प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं.

गॅरेजसमोरच ती त्याच्यावर बरसली.

"एक कार्ड सांभाळता येत नाही तुला? नोकरी जाईल माझी!"

"सॉरी गं. काल गाडी देताना काढलं, परत ठेवायला विसरलो. माझीच चूक."

बोलत तिच्याशी होता, बघत माझ्याकडे होता.

ती क्लिनिकला फोन लावायला बाजूला गेली, तेव्हा तो आत आला.

"एसी मस्त झालाय. आता कार्ड दे."

मी दिलं. "सांगणारेस तिला?"

"नाही."

"का?"

"तुला याच जिन्यात रोज तोंड दाखवायचंय. यल्ला, चल, उशीर होतोय."

तुम्हाला वाटेल मी खजील झालो. छे! मी आणखी पेटलो. मोठेपणासुद्धा यानंच घ्यायचा?

त्यानंतर रोज सकाळी जिन्यातून तिचा आवाज. "विसरभोळ्या, कार्ड घेतलंस?"

"घेतलं गं बाई!"

वर्षभर. माझ्या चोरीतून त्या दोघांची एक गंमत तयार झाली. त्या गमतीतही मी नव्हतो.

पंधरा दिवसांपूर्वी त्याला ऑफिसात छातीत दुखायला लागलं. तिकडच्याच हॉस्पिटलात त्यानं जीव सोडला. तिकडूनच त्याला मुंबईला नेलं, पुढे खेडला. पल्लवी हॉस्पिटलात होती. मी चौकीपर्यंत गेलो आणि गाडी वळवून परत आलो.

शेवटचं तोंड तिनं पाहिलं, मी नाही.

पहिल्यांदाच मला तिचा हेवा वाटला. त्याचा नाही, तिचा.

शुक्रवारी सगळे त्याच्या खोलीवर जमलो. त्रिशरण-पंचशील झालं. मग एकेक जण बोलला. पल्लवी म्हणाली, "माणूस सोन्यासारखा. फक्त विसरभोळा. त्याच्यापायी माझी नोकरी जाता जाता वाचली."

सगळे डोळे पुसता पुसता हसले.

मी तेव्हा तोंड उघडलं असतं तर आज हे लिहावं लागलं नसतं.

पल्लवी, तो काही विसरला नव्हता. कार्ड मी काढलं होतं. ते तीन महिने तू जी धास्ती घेऊन कामाला जात होतीस, ती माझ्यामुळे.

का काढलं, ते वर वाचलंसच. याहून चांगल्या पद्धतीनं सांगायचं होतं कधीतरी. आता राहिलं.

माझ्याशी बोलू नकोस. पण त्याच्यावरचा तेवढा एक राग काढून टाक. त्याचा नव्हता तो.

सुहास, आज सकाळी तिच्या डीपीला तुझा फोटो बघितला आणि पुन्हा जळलो. खोटं कशाला बोलू? तू असतास तर उद्याही जळलो असतो.

असायला हवा होतास.

जय भीम, सुहास. नीट जा.