न्यूट्रॉनांची तोंडं एका दिशेला

न्यूट्रॉन मोजणं म्हणजे मुख्यतः वाट पाहणं. क्रिस्टल एका कोनात धरायचा, आकडा जमेपर्यंत बसायचं, मग पुढचा कोन. आणि बसलेली माणसं वऱ्हाडातली असली, की आकड्यांपेक्षा किस्सेच जास्त जमतात!

आमची लॅब अमरावतीची. माणसं तीन: गाईड देशमुख सर, लॅब अटेंडंट गुलाबराव आणि पीएचडी करणारी मी, अकोल्याची. क्रिस्टल आम्ही इथं वाढवतो आणि त्यातलं चुंबकत्व मोजायला मुंबईकडच्या रिअ‍ॅक्टरवर नेतो.

*

वरूडला मामाच्या संत्र्याच्या बागेत गेले होते. मामा म्हणाला, "तू नेमकी करून काय राहिली?"

"मामा, न्यूट्रॉन म्हणजे बारीकसं चुंबकच. एरवी प्रत्येकाचं तोंड वेगळीकडे. आम्ही सगळ्यांची तोंडं एका दिशेला करतो आणि क्रिस्टलवर सोडतो. मग उलट्या दिशेला करून पुन्हा सोडतो. दोन आकड्यांत फरक आला, की समजायचं, आत चुंबकत्व आहे."

"सगळ्यांचे तोंडं एकीकडे?"

"हो."

मामा म्हणाला, "ते मशीन एक दिवस आमच्या सोसायटीच्या मीटिंगले आण ना!"

*

एकदा चार महिने वाढवलेला, तुरीच्या दाण्याएवढा क्रिस्टल चिमट्यातून निसटला. आम्ही तिघंही फरशीवर रांगतोय.

गुलाबराव म्हणाले, "चुंबक फिरवा ना!"

सर वैतागले. "अहो, त्याचं चुंबकत्व कडाक्याच्या थंडीतच जागं होतं!"

"मंग अमरावतीत काहून सांडवला? चिखलदऱ्याले न्याचा होता!"

क्रिस्टल सरांच्याच पँटच्या मुडपलेल्या घडीत निघाला.

*

पुण्याच्या कॉन्फरन्समध्ये चहाच्या वेळी एका प्रोफेसरांनी विचारलं, "सध्या काय चाललंय?"

"क्रिस्टल थंड करून राहिलो, सर."

"अरे वा! थंड करून कुठे राहिलात?"

मी म्हटलं, "होस्टेलला."

*

आईला फोनवर सांगितलं, की क्रिस्टल उणे दोनशे एकोणसत्तर डिग्रीला ठेवणार. अकोल्यात तेव्हा मे महिना, कूलरचं पाणीसुद्धा गरम. आई ओरडली, "इतक्या थंडीत पोरीले कोण पाठवते? सरांना दे फोन!"

सर म्हणाले, "ताई, क्रिस्टल थंड होईल. ही नाही होणार."

"पण हातात तर तिच्याच असते ना ते?"

स्वेटर आलंच. रिअ‍ॅक्टरच्या हॉलमधला एसी मला काही बाधला नाही. ग्रुप फोटोत जांभळ्या स्वेटरमध्ये सर आहेत!

*

आता हा शेवटचा.

वर्षभर अर्ज करून रिअ‍ॅक्टरवर पाच दिवस मिळाले होते. क्रिस्टल चढवला, थंड केला, मोजायला बसलो. न्यूट्रॉनांची तोंडं वर, एक आकडा. तोंडं खाली, तोच आकडा! दोन दिवस झाले, फरक शून्य. माझा थिसिस म्हणजे तो फरकच. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

तिसऱ्या दिवशी सरांच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही दोन क्रिस्टल वाढवले होते, दिसायला जुळे. एकात लोखंडाचे अणू. दुसरा तसाच, पण बिनलोखंडाचा, तुलनेसाठी. सरांनी गुलाबरावांना फोन लावला. "कपाटात एखादी डबी राहिली का हो?"

"हाये ना. लोखंडवाली."

सर ओरडले, "मिळेल त्या गाडीनं घेऊन या!"

दुसऱ्या दिवशी सकाळी गुलाबराव गेटवर हजर! डबी शर्टाच्या खिशात, वर हात ठेवलेला. बडनेऱ्याला गाडीत बसल्यापासून तो हात काढलाच नव्हता म्हणे. संध्याकाळपर्यंत क्रिस्टल गार झाला. तोंडं वर, एक आकडा. तोंडं खाली, दुसरा! मी हॉलमध्येच नाचले.

सर तडक गेस्ट हाऊसवर गेले. गुलाबराव वरण-भात जेवत होते. सर म्हणाले, "गुलाबराव, तुम्ही होता म्हणून वाचलो. पण दोन्ही डब्या सारख्या. फोनवर तुम्हाला इतक्या पटकन कसं कळलं?"

"तुमी निघताना चुकीची उचलली, तवाच पायलं होतं मी."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

गुलाबरावांनी भाताचा घास खाली ठेवला.

"तुमीच तर म्हणले, 'गुलाबराव, सामान मोजून राहिलो, मधात बोलू नका!'"