शेवाळाचा वानवळा

समुद्री शेवाळ सावलीत वाळवावं लागतं. संशोधनासाठी कोकणच्या किनाऱ्यावरून आणलेलं शेवाळ मी पुण्यात हॉस्टेलच्या गच्चीवर पत्र्याखाली पसरलं, तर वासापायी मुलींनी माझा जीव नकोसा केला. शेवटी दोन पोती एसटीच्या टपावर टाकून निरगुडसरला घरी आणली. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. आईनं नाक मुरडलं, पण कुरडया वाळवायच्या बाजा पडवीत मांडून दिल्या.

शेजारच्या काकू रोज हात लावायला यायच्या. शेवाळ धुवायचं, वाळू-शिंपल्या काढायच्या, उलटंपालटं करायचं. काकांना तोंडाचा कॅन्सर होता. पुण्याच्या दवाखान्यात किरणांचा शेक चालू होता.

"पोरी, ह्येचं करत्यात काय?" काकूंनी विचारलं.

"यातला अर्क काढतो. त्यानं कॅन्सरच्या पेशी मरतात."

खोटं नव्हतं. पेशी मरत होत्या, पण प्रयोगशाळेतल्या काचेच्या ताटलीत. तिथून माणसापर्यंत पोचायला किती वर्षं लागतील, पोचेल तरी का, हे मी बोलले नाही. काकूंचे डोळे मोठे झालेले बघून मला फार बरं वाटत होतं.

आमच्याकडे वाळवणाला हात लावणाऱ्या बाईला वानवळा दिल्याशिवाय धाडत नाहीत. पापड असोत, कुरडया असोत. आईनं काकूंना शेवाळही पसाभर दिलं. मला विचारलं नाही. असलं विचारायचं नसतं.

दिवाळीला आले तेव्हा कळलं, काका शेक अर्ध्यात सोडून तेच उकळून पीत होते. शेकानं तोंड सोलून निघायचं, शेवाळाच्या पाण्याचा काही त्रास नव्हता. मी काकूंच्या हातापाया पडून त्यांना परत पुण्याला न्यायला लावलं. संक्रांतीआधी काका गेले.

डॉक्टर म्हणाले, शेक पुरा झाला असता तरी काका वाचले असते, असं सांगता येत नाही. या वाक्याला धरून झोपायचा प्रयत्न मी पुष्कळ केला. मला माझीच चीड येते, अजूनही.

पुढच्या उन्हाळ्यात पोती उतरवली आणि काकू येऊन बाजेपाशी बसल्या.

"काकू, याचं औषध अजून झालेलं नाही. तेव्हाही नव्हतं. मी तेव्हाच सांगायला हवं होतं."

"कळलंय मला आता," वाळू निवडत त्या म्हणाल्या. "व्हईल तवा कुणाला तरी उपेगी पडंल."

दिवसभर त्यांनी काम केलं. संध्याकाळी उठल्या, पदर झटकला. आई दारात उभी राहिली, या वेळी वानवळा काढला नाही. काकू रिकाम्या हातानं घरी गेल्या.