फोनवाला बाबू

नळाला पाणी आलं नाही की रायपूरकरांना देवाच्या आधी खोडके बाबू आठवत, आणि ते आठवणं काही प्रेमाचं नसे. महानगरपालिकेत, म्हणजे तिथल्या भाषेत निगममध्ये, श्यामकांत खोडके तेवीस वर्षं पाण्याच्या तक्रारींच्या फोनवर बसले होते. फोन उचलायचा, शिव्या ऐकायच्या, कुठला पारा, म्हणजे मोहल्ला, कुठलं घर ते लिहून घ्यायचं आणि 'दिखवाता हूँ' म्हणायचं. पाणी आलं हे सांगायला इतक्या वर्षांत एकानेही फोन केला नाही. पाणी आलं की माणूस बादल्या भरतो, तेव्हा त्याला बाबू कशाला आठवेल.

लग्न राहून गेलं होतं. राहून गेलं असंच म्हणायचं, कारण कुठल्या मुलीने त्यांना नकार दिला होता असं नव्हतं. आधी वडिलांचं आजारपण, मग धाकट्याचं शिक्षण, मग आईला लकवा. आई गेली तेव्हा बाबू अठ्ठेचाळीस वर्षांचे होते, आणि त्या वयात कुणी कुणाला मुली दाखवायला नेत नाही. बूढ़ापाऱ्यातल्या दोन खोल्यांत ते एकटे राहिले. धाकटा भार्गव नागपूरला असे. दिवाळीला फोन करून 'दादा, तू इकडे काहून येत नाही?' असं विचारी, आणि उत्तर ऐकायच्या आत फोन बायकोच्या हातात देई.

मग कोरोनाची दुसरी लाट आली. एप्रिलमध्ये शहर बंद झालं, आणि पंचावन्नच्या वरच्यांना बाहेर फिरवू नका म्हणून निगमने बाबूंना सभेच्या हॉलात नेऊन बसवलं. तिथे ओळीने टेबलं होती, टेबलांवर फोन होते, आणि घरीच उपचार घेणाऱ्या रुग्णांच्या याद्या होत्या. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस घरं. रोज फोन करून चार प्रश्न विचारायचे: ताप किती, ऑक्सिजन किती, औषध घेतलं का, श्वास लागतो का. दोन मिनिटांत फोन संपवा असा हुकूम होता. हुकूम मोडायची सवय नसलेल्या खोडके बाबूंनी तो पहिल्याच दिवशी मोडला.

त्याला कारण होतं. पलीकडचा माणूस पहिल्या घंटीला फोन उचलत होता. बाबूंचा आवाज ऐकून त्याला बरं वाटत होतं. कोणी मुलाचं सांगे, कोणी जिभेची चव गेल्याचं, आणि एकाने तर आपली म्हैस कशी दूध देईना ते सविस्तर सांगितलं. बाबू सगळं ऐकत. खोकला दाबून 'सब ठीक' म्हणणारा त्यांना आवाजावरून कळू लागला. फोनवरच बोलायचं तर इस्त्रीचा शर्ट कशाला, पण ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागले. साथीच्या दिवसांत एखादा माणूस सुखात होता असं लिहिणं बरं दिसत नाही, पण खोडके बाबू सुखात होते. जन्मात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्या फोनची वाट पाहत होतं. यादीतल्या तीन नावांवर लाल रेघ आली, त्या तिन्ही दिवशी ते जेवले नाहीत.

फोन संपवताना 'रखता हूँ' म्हणणं त्यांना जड जाई. आजारी माणसाला असं ठेवून द्यायचं कसं? म्हणून ते आजाऱ्याच्या घरून उठावं तसा निरोप घेत. 'अच्छा, आता हूँ,' असं म्हणत आणि हळूच फोन ठेवत.

यादीत चौतिसाव्या नंबरावर टिकरापाऱ्याच्या शांताबाई होत्या. वय बहात्तर, नवरा नाही, मुलगा सुरतेला कापडाच्या कारखान्यात अडकलेला. दारावर लाल कागद चिकटवलेला, त्यामुळे गल्लीतलं कोणी फिरकत नव्हतं. गावोगाव आणि पाऱ्यापाऱ्यांत आरोग्याचं काम करणाऱ्या बाईला तिकडे मितानिन म्हणतात, ती तेवढी लांबून औषध ठेवून जाई. शांताबाई चारही प्रश्नांना 'हव' म्हणत. छत्तीसगढीत हव म्हणजे हो, पण ताप किती याचं उत्तर हो कसं असेल? बाबू मग गोडीगोडीने आकडा काढून घेत.

सहाव्या दिवशी शांताबाईंनीच उलटा प्रश्न केला, "का रांधे हस आज?"

आज काय रांधलंस, असं आई गेल्यापासून बाबूंना कोणी विचारलं नव्हतं. ते गडबडले, खिचडी म्हणाले. खरं म्हणजे त्या दिवशी त्यांनी काहीच केलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र सांगायला हवं म्हणून ते खरोखर रांधू लागले. एक दिवस वांग्याची भाजी, एक दिवस वरण. शांताबाई वांग्यात मीठ किती घातलं ते विचारत, बाबू सांगत, आणि 'अच्छा अम्मा, आता हूँ' म्हणून फोन ठेवत. पलीकडून हव येई.

सतरा दिवस झाले की रुग्ण बरा धरायचा आणि नाव काढायचं, असा नियम होता. शांताबाईंचं नाव निघालं आणि चौतिसाव्या नंबरावर दुसरं कोणी आलं. नंबर बाबूंना पाठ होता. दोनदा त्यांनी फोन हातात घेतला आणि दोन्ही वेळा खाली ठेवला. आता ताप विचारायचा नाही, ऑक्सिजन विचारायचा नाही, मग कोणत्या नात्याने फोन करायचा? हा भित्रेपणा होता, आणि ते त्यांनाही कळत होतं.

जूनमध्ये हॉल रिकामा झाला. निगम मोठ्या झपाट्याने पूर्ववत झालं: टेबलं हलली, लाल कागद खरवडून निघाले, बाबूंना 'कोरोना योद्धा' असं प्रमाणपत्र मिळालं, आणि ते परत पाण्याच्या फोनवर जाऊन बसले. शिव्या होत्या तिथेच होत्या. शहर सावरलं म्हणून सगळे खूश होते. बाबूंना ते सावरणं सोसत नव्हतं, आणि हे सांगायचं तरी कोणाला? घरी स्वयंपाक पुन्हा बंद पडला.

जुलैत घरोघर लस टोचायची मोहीम निघाली. एका दुपारी निगमच्या लसीकरण पथकातली नर्स अपर्णा कागद घेऊन बाबूंच्या टेबलाशी आली. मराठी घरातली पोर, मराठी सगळी समजे, पण उत्तर हिंदीत देई. कागदावर लस नाकारणाऱ्यांची नावं होती आणि पुढे कारणं: भीती, ताप येतो, मुलगा नको म्हणतो. एका नावापुढे लिहिलं होतं, 'फोनवाले बाबू आएँगे तब.'

नाव शांताबाईंचं होतं. अपर्णाने चौकशी केली, सगळ्यांनी बाबूंकडे बोट दाखवलं. तुम्ही सोबत आलं पाहिजे, असं ती म्हणाली. बाबूंनी विचारलं, "मले काहून बोलावते ती?" अपर्णाला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी बाबूंनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि तिच्या स्कूटरवर मागे बसून निघाले. आपली आठवण कोणीतरी काढली, एवढ्यावरच ते वाटभर हरखलेले होते.

शांताबाई उंबरठ्यावर बसून तांदूळ निवडत होत्या. आवाजावरून बाबूंना वाटलं होतं त्यापेक्षा फारच लहानखुऱ्या. अम्मा, मी निगममधून आलो, असं बाबूंनी सांगितलं. शांताबाईंनी मान वर केली नाही.

"रोज कहत रेहेस, आवत हँव," त्या म्हणाल्या. "सतरा दिन अगोरेंव."

अगोरणं म्हणजे वाट पाहणं. बाबू जन्मभर तो शब्द ऐकत आले होते, पण तो स्वतःच्या नावाने कधी ऐकला नव्हता. रोज येतो म्हणत होतास, सतरा दिवस वाट पाहिली. पहिल्यांदा त्यांना काही कळेनाच. मग कळलं.

आपल्या मराठी माणसाला जातो म्हणता येत नाही. कायमचा निघाला तरी तो येतोच म्हणणार. बाबूंच्या आईने तर 'जातो' म्हटल्याबद्दल लहानपणी त्यांना दारातून परत आणून बसवलं होतं. चार पिढ्या रायपुरात राहून हिंदी अंगवळणी पडली, तरी निरोपाचा शब्द तेवढा मराठीच राहिला. बूढ़ापाऱ्यात शेजाऱ्यांना ते माहीत होतं. टिकरापाऱ्यातल्या एकट्या, तापाने फणफणलेल्या म्हातारीला कसं माहीत असणार? निगमचा बाबू येतो म्हणाला, म्हणजे येणार. आजाराचा संसर्ग नको म्हणून तिने बाबूंसाठी खाट बाहेर अंगणात टाकली होती. रोज संध्याकाळी ती आतून दारापाशी बसे. कोणी येणार नाही म्हणाली म्हणून मितानिनशी भांडली. शेजारच्या बायका भिंतीवरून हसत आणि तुझा बाबू आला का म्हणून विचारत.

बाबूंनी मोडक्यातोडक्या छत्तीसगढीत सगळं समजावलं: आमच्यात जातो म्हणणं अशुभ, ती फक्त बोलायची रीत, मनात खोटं नव्हतं. शांताबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग पहिल्यांदाच त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"त आए के मन नइ रिहिस?"

म्हणजे तुला यायचं मन नव्हतं? बाबूंना सांगता आलं असतं की शहर बंद होतं, ड्यूटी होती, नियम होता. सगळं खरंच होतं. पण नाव निघाल्यावर हातातला फोन दोनदा खाली ठेवला, तोही खराच होता.

"मन था, अम्मा," ते म्हणाले. "बहुत था."

शांताबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि अपर्णापुढे दंड केला. सुई टोचताना त्यांनी डोळेही मिटले नाहीत. अर्धा तास यांच्यापाशी बसा, चक्कर येते का बघा, असं बाबूंना सांगून अपर्णा पुढच्या घरांकडे गेली. बाबू ओट्यावर बसले. मुलगा अजून सुरतेलाच आहे, आता महिन्यातून एकदा फोन करतो, एवढं कळलं. चक्कर आली नाही.

गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा हॉर्न वाजला. बाबू उठले, शर्ट झटकला, आणि निरोपाला तोंडात शब्दच येईना. एक म्हटला तर आईने आयुष्यभर अडवलेला, दुसरा म्हटला तर या बाईला पुन्हा फसवलेलं. हॉर्न पुन्हा वाजला.

"घर म कोन अगोरत हे?" शांताबाईंनी विचारलं.

घरी कोण वाट पाहतंय, एवढाच साधा प्रश्न होता. घाई दिसली म्हणून विचारलेला. चाळीस घरांना रोज चार प्रश्न विचारणाऱ्या बाबूंना हा आजवर कोणी विचारला नव्हता.

"कोई नहीं," ते म्हणाले.

"त बइठ न."

बाबूंनी हाताने अपर्णाला जा म्हणून खूण केली आणि परत ओट्यावर बसले. बसल्यावर मात्र त्यांना रडू आवरेना. साठीला आलेला, इस्त्रीच्या शर्टातला माणूस परक्या दारात रडतो आहे हे पाहून शेजारच्या दोघी भिंतीशी थांबल्या. शांताबाईंनी त्या दोघींना हाताने आत जायला सांगितलं.