दोन-तीन थरांच्या रेषा

त्या दिवशी सकाळपासून मी एका जागी बसले नाही. अकोल्याहून पहिल्या बसने अमरावतीला आले, राजापेठेत उतरले आणि सरांच्या घरी वरच्या खोलीत लॅपटॉप उघडून येरझारा घालत राहिले. सर म्हणजे माझे पीएचडीचे मार्गदर्शक. खाली कोणाचे तरी बारावीचे क्लास, बाहेर गाड्यांचे हॉर्न, आणि नेट सारखं जाऊन-येऊन. "बस नं बाई आता, माह्यं डोकं गरगरून राह्यलं," सर वैतागून म्हणाले. मी बसले, आणि लगेच उठले.

माझं काम डिझेलमधल्या गंधकाचं. डिझेलबरोबर गंधक जळलं की धूर विषारी होतो, म्हणून कारखान्यात ते आधीच काढतात, आणि ते काढायला उत्प्रेरक लागतो. माझा उत्प्रेरक म्हणजे एक काळी भुकटी. तिच्यात मॉलिब्डेनम सल्फाइडचे इवलेसे पापुद्रे असतात, इतके बारीक की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसतच नाहीत. कडेने पाहिले की त्यांच्या काळ्या रेषा दिसतात, एकावर एक. रेषा आखूड आणि थर दोन-तीनच असले तर माल उत्तम, कारण खरं काम होतं ते पापुद्र्याच्या काठावर. तापून तापून रेषा लांबल्या, थरावर थर चढले, की भुकटी गेली कामातून.

माझा दावा असा, की माझी भुकटी कितीही वापरली तरी तशीच राहते. ताज्या भुकटीचे सहा फोटो गेल्या वर्षीच मिळाले होते, एकाहून एक देखणे. आता वापरलेल्या भुकटीचे तसेच मिळाले की प्रबंध जमा. मुदत महिनाअखेरची. वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवून मी विटून गेले होते. कॉलेजात एकदाची कायम जागा निघाली होती, आणि पीएचडी नसेल तर माझा अर्जसुद्धा कोणी घेणार नव्हतं.

असलं यंत्र आमच्याकडे नाही. नमुना कुरियरने मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत जातो, तिथला ऑपरेटर तो यंत्रात लावतो आणि आपण इथून व्हिडिओ कॉलवर पाहायचं. तासभर वेळ मिळतो, तोही महिनोन्‌महिने थांबल्यावर. ऑपरेटर भला माणूस, बोलणं सबुरीचं. मला ती सबुरीच सहन होईना.

पहिली जागा पडद्यावर आली. लांबच लांब रेषा, सहा-सात थर.

"दुसरी जागा दाखवा."

तीच गत. तिसरीही तशीच. चौथ्या जागी मात्र कोपऱ्यात आखूड, सुबक रेषा दिसल्या.

"ही छान आहे, मॅडम," ऑपरेटर म्हणाला. "हिचाच फोटो ठेवू का?"

सर पुढे वाकले. "थेच घे. सारे तेच करतात."

"सारे करतात म्हणून मी कावून करू?" मी अशी ओरडले की सर मागेच सरकले. "सगळ्या ठेवा हो! जिथंजिथं पाहिलं ते सगळं ठेवा. चांगलं-वाईट मला विचारूच नका."

"अवं, हातची नोकरी जाईन."

"जाऊ द्या, सर!"

मी म्हणाले खरी, पण मुदत डोळ्यांपुढून हलेना. आणि खोटं कशाला सांगू, मनातून मला माझं भारी कौतुकही वाटत होतं. तास संपेपर्यंत आम्ही वीसेक जागा पाहिल्या. बहुतेक सगळ्या बिघडलेल्या. दुपारभर तिथंच बसून मी एकेक रेष मोजली. दावा बुडाला होता, पण उलटा निष्कर्षही निष्कर्षच असतो. भुकटी वापराने बिघडते, असं लिहायचं. सर थोडे निवळले होते. "लिही मंग तसंच," ते म्हणाले. "जुने फोटो बाजूले लाव, फरक दिसू दे. मुदतीत बसते अजून."

जुने सहा फोटो शेजारी लावले. फरक आंधळ्यालाही दिसला असता. आणि मी ते जुने फोटो पुन्हा मोजले.

सहाच का? गेल्या वर्षीही तासभर मिळाला होता. सहा फोटोंना तास लागत नाही. मग माझाच आवाज मला आठवला: ही नको, ही पण नको, पुढं चला, हां, ही घ्या, ही मस्त आहे. तेव्हा सर शेजारी नव्हते. कोणी शिकवलं नव्हतं. स्थळाला पाठवायला मुलीचा फोटो निवडतात तसे मी ते निवडले होते, आणि आपण काही वावगं करतोय असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

म्हणजे ताजी भुकटी मुळातच अशी लांब रेषांची असेल तर? मग ती बिघडली कुठं? माझा पहिला दावाच खरा असेल, कोण जाणे! ताजी भुकटी तर प्रयोगांत संपली होती, पुन्हा तपासायला चिमूटभरही उरली नव्हती.

ऑपरेटरला फोन लावला. "गेल्या वर्षी मी नको म्हटलेले फोटो असतील ना हो तुमच्याकडे?"

तो बराच वेळ शोधत राहिला.

"नाहीत, मॅडम. मी तेव्हा विचारलं होतं, ठेवायचे का. तुम्ही म्हणालात, पुसून टाका, काय करायचेत."

मी फोन ठेवला. सर माझ्याकडेच पाहत होते.

"काय म्हणते थो? कोणं पुसले?"

"मी पुसले, सर."